कोल्हापुरात घरामागच्या रानफुलांवर येणारे किडे कसे बघायचे आणि त्यांचे फोटो कसे काढायचे?

तुमचा प्रश्न वाचला. घरामागं थोडी मोकळी जागा आहे, पावसाळ्यात तिथं रानफुलं आपोआप उगवतात, त्यांच्यावर येणारे किडे बघायचेत, फोटो काढायचेत; पण मोबाइल जवळ नेला की सगळं उडून जातं. कॅमेरा कोणता घ्यावा, आणि 'रान माजलंय, भांगलून टाक' म्हणणाऱ्या आईला काय सांगावं, हेही विचारलंय. मी कळंब्याकडं राहते, माझ्या घरामागची पट्टी अशीच मुरमाड आहे आणि बरीच वर्षं मी तिथं हेच करत आलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॅमेऱ्याचं नंतर बघू. आधी एक सवय लावून घ्या: किड्याच्या मागं जायचं नाही, फुलापाशी जाऊन बसायचं. किड्यांना बारीक तपशील आपल्याइतका दिसत नाही, पण हालचाल आपल्यापेक्षा फार लवकर कळते. आपण उभ्यानं चालत गेलो, वरून वाकलो आणि हात पुढं केला की त्यांच्या दृष्टीनं एक मोठं काहीतरी अंगावर येत असतं. त्यात आपली सावली फुलावर पडली तर संपलंच. म्हणून एक पाट किंवा बुटकं स्टूल घ्या, सावली मागं पडेल असं बसा, मोबाइल आधीच हातात धरून ठेवा आणि काही न करता बसून राहा. थोड्या वेळानं उडालेले परत यायला लागतात, कारण त्यांचं जेवण तिथंच आहे. मधमाशीबद्दल आणखी एक उपयोगाची गोष्ट: एका फेरीत ती शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते. म्हणजे ती आता ज्या फुलावर आहे ते सोडून द्या, त्याच जातीच्या पुढच्या फुलावर फोकस करा आणि थांबा. ती तुमच्याकडं येते.

कुठल्या फुलावर कोण येतं आणि कधी येतं, हे ओळखीचं झालं की निम्मं काम होतं. तुमच्या जागेत काय काय उगवतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण आपल्या भागात मिळणारी नेहमीची मंडळी सांगते.

सुरुवात एकदांडीपासून करा. हिला कुणी दगडीपाला म्हणतं, कुणी कंबरमोडी. मूळची अमेरिकेतल्या उष्ण भागातली, पण आता आपल्याकडं रस्त्याच्या कडेला, गच्चीच्या भेगेत, कुठंही येते. उंच बारीक दांड्यावर एक फूल, कडेला पाचेक पांढरट पाकळ्या, मध्ये पिवळा गोल. तो पिवळा गोल म्हणजे बारीक नळ्यांसारख्या कितीतरी फुलांचा गुच्छ असतो. फुलपाखरू त्यावर बसलं की सोंड एका नळीत घालतं, बाहेर काढतं, शेजारच्या नळीत घालतं, आणि असं करत करत गोल सरकत जातं. त्यामुळं एकाच फुलावर ते बराच वेळ टिकतं. नवीन माणसाला याहून सोयीचं फूल नाही. ग्रास ब्लू, ग्रास येलो, लेमन पँझी, स्किपर, प्लेन टायगर ही सगळी फुलपाखरं इथं येतात. ग्रास ब्लू जेमतेम दोन सेंटिमीटरचं असतं आणि बहुतेक वेळा पंख मिटून बसतं. उडताना ते निळसर दिसतं, बसलं की करडं आणि त्यावर बारीक ठिपके. ओळख त्या ठिपक्यांवरूनच पटते, म्हणून त्याचा फोटो बाजूनंच हवा, वरून काढलेला उपयोगाचा नाही. एकदांडीकडं ऊन वर आल्यावर जा.

त्याच्या आधीची वेळ केन्याची. केन्याचं निळं फूल सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत मिटून जातं. या फुलात मध नसतोच, फक्त पराग असतात. वरच्या बाजूला पिवळेधमक जे काही दिसतं ते माशीला बोलावण्यासाठी. कामाचे पुंकेसर खाली, कमी रंगाचे आणि पुढं आलेले असतात. माशी वरच्या पिवळ्यावर तोंड लावते आणि खालच्या पुंकेसरांचा पराग तिच्या पोटाला लागतो. हे मोबाइलच्या व्हिडिओत सुद्धा स्पष्ट दिसतं. केन्यावर लहान मधमाश्या आणि होव्हरफ्लाय (मधमाशीसारखी दिसणारी एक माशी, तिची ओळख पुढं सांगते) येतात, तेही सकाळीच. उशिरा उठलात तर केना तुमच्यासाठी नाही.

तुंबा, ज्याला द्रोणपुष्पी म्हणतात, असेल तर तुम्ही नशीबवान आहात. त्याची पांढरी फुलं गुच्छात येतात. प्रत्येक फुलाला वरून लव असलेली टोपी आणि खाली रुंद ओठ. पुंकेसर त्या टोपीत लपलेले असतात. माशी खालच्या ओठावर उतरते, आत तोंड घालते आणि टोपी तिच्या डोक्यावर, पाठीवर पराग चोपडते. तुंब्यावर आणि तुळशीच्या मंजिरीवर निळ्या पट्ट्यांची माशी हमखास येते. इंग्रजीत तिला ब्लू बँडेड बी म्हणतात. तिचा आवाज मधमाशीपेक्षा उंच पट्टीतला, उडणं झटक्याझटक्याचं. फुलासमोर क्षणभर हवेत थांबते, सोंड आधीच बाहेर काढलेली असते, आत जाते, आणि तुम्ही बटण दाबेपर्यंत पुढच्या फुलावर. दिवसा तिचा चांगला फोटो मिळणं अवघडच. पण या जातीतले नर संध्याकाळी वाळक्या काडीला जबड्यानं धरून झोपतात. काडी तोंडात घट्ट, पाय आखडून पोटाशी घेतलेले, अंग काडीला आडवं. बऱ्याचदा एका काडीवर ओळीनं तीन-चार जण असतात, आणि आवडलेल्या काडीवर ते रोज परत येतात. दिवे लागणीला तुळस आणि आसपासच्या वाळक्या काड्या नीट बघा. एकदा जागा सापडली की दुसऱ्या दिवशी ऊन यायच्या आधी जा. थंड अंगानं त्यांना लगेच उडता येत नाही, त्यामुळं पट्ट्यांचा तो निळा-हिरवा रंग, डोळ्यांतली चमक, अंगावरची लव, सगळं सावकाश टिपता येतं. मात्र काडी हलवायची नाही, श्वाससुद्धा लांबून घ्यायचा.

रुईचं झाड कुंपणाला असेल तर काढू नका, त्यावर अख्खा संसार असतो. प्लेन टायगरची मादी पानावर एकेक पांढरं अंडं घालते. अळी काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या शेंड्यांच्या तीन जोड्या. पान खायच्या आधी ती त्यात खाच पाडते, म्हणजे चीक तिथंच वाहून जातो आणि पुढचं पान तिला खाता येतं. रुईतलं विष ती अंगात साठवते, म्हणून पक्षी तिला आणि पुढं फुलपाखरालाही टाळतात, आणि म्हणूनच प्लेन टायगर इतक्या निवांत उडतं. फोटो काढणाऱ्याला ते सोयीचंच. त्याच झाडाच्या कोवळ्या शेंड्याला पिवळा मावा लागतो. मावा दिसला की हात धुऊन त्याच्या मागं लागू नका, तिथंच थांबून बघा: ढालकिडा मावा खायला येतो, होव्हरफ्लायची पाय नसलेली अळी मावा खात फिरते, मुंग्या माव्याचा गोड पाझर प्यायला येतात. रुईचा चीक मात्र डोळ्यात जाऊ देऊ नका, फार त्रास होतो. पान तोडलंत तर हात धुतल्याशिवाय चेहऱ्याला लावायचे नाहीत.

घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात हे खरं, पण नवीन घाणेरी लावू नका. बाहेरून आलेलं आणि आपली रानं गिळणारं झुडूप आहे ते. असलेलीच छाटून ठेवा आणि एक बघा: गुच्छातली ताजी फुलं पिवळी असतात, जुनी होतील तशी केशरी, गुलाबी, लाल होतात. फुलपाखरं पिवळ्यांकडं वळतात, कारण मध तिथं असतो. फोकस कुठं ठेवायचा ते त्यावरून ठरवा. खुळखुळ्याच्या शेंगेत पी ब्लू फुलपाखराची अळी मिळते. वाळलेल्या खुळखुळ्याला ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर अशी फुलपाखरं चिकटलेली दिसतात, त्यात बहुतेक नर. झाडातली विशिष्ट रसायनं शोषून त्यापासून ते मादीला भुलवणारा गंध बनवतात. तेरड्याची पानं खाणारी हॉक मॉथ या मोठ्या पतंगाची जाड अळीही बघण्यासारखी असते, मागं एक शिंग आणि अंगावर डोळ्यांसारखे ठिपके. गुलबक्षी असेल तर संध्याकाळी थांबा, हॉक मॉथ स्वतःच येतो. फुलासमोर हवेत उभा राहून लांब सोंडेनं मध पितो. लोक त्याला छोटा पक्षी समजतात.

होव्हरफ्लायचा उल्लेख दोनदा झाला, तर तिची ओळख सांगते, कारण नव्या लोकांच्या फोटोंत 'मधमाशी' म्हणून सर्वांत जास्त तीच असते. पिवळे-काळे पट्टे मधमाशीसारखे, पण ही माशीच्या कुळातली. पंख दोनच, मधमाशीला चार. मिशा अगदी आखूड, डोळे डोकं भरून. ती हवेत एका जागी खिळल्यासारखी थांबते आणि तिला नांगी नसते. उलट मधमाशीच्या मागच्या पायांवर परागाच्या पिवळ्या गोळ्या दिसतात. आपल्याकडच्या मधमाश्यांत आग्या मोठी, सातेरी मध्यम, फुलोरी लहान. फुलावर एकट्या आलेल्या माशीला आपल्याशी काही देणंघेणं नसतं. पोळ्यापाशी किंवा गांधीलमाशीच्या घरट्यापाशी मात्र लेन्स घेऊन जाऊ नका.

आणि कोळी. एखादं फुलपाखरू तुम्ही अगदी जवळ गेलात तरी हललं नाही, तर खूश होण्याआधी फुलाखाली बघा. बहुधा खेकडा कोळ्यानं मानेला धरलेलं असतं. हा कोळी जाळं विणत नाही. पांढरा किंवा पिवळा, पुढचे पायांचे दोन जोड लांब, खेकड्यासारखे पसरून फुलाच्या रंगात बसून राहतो. तो कीटक नाही, आठ पायांचा आहे, पण रानफुलांच्या वाफ्यात तो दिसला नाही तर आपण नीट बघितलं नाही, असं मी खुशाल समजते. कुणी म्हणेल, फुलपाखरू सोडवायला हवं. माझं मत, नको. कोळ्यालाही तेच फूल लागतं.

आता हंगाम. गगनबावड्याकडून ढग आले की आषाढात आपल्याकडं वारा आणि आडवा पाऊस. फुलं फारशी नाहीत, फांद्या हलत राहतात. त्या दिवसांत पानांच्या मागं अळ्या आणि कोष शोधा, कढीपत्ता आणि लिंबापासून सुरुवात करा. कॉमन मॉर्मन, लाइम बटरफ्लाय यांच्या अळ्या तिथं मिळतात. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, २०१५ मध्ये महाराष्ट्रानं तो मान दिला, त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. खरी धमाल श्रावणापासून दिवाळीपर्यंत. गौरीसाठी तेरडा शोधायला लागतो तेव्हा तुमच्या अंगणातली फुलंही भरात असतात. सप्टेंबरमध्ये देशभर 'बिग बटरफ्लाय मंथ' असतो, त्यात घरबसल्या नोंदी देता येतात. उन्हाळ्यात फुलं संपली तरी तुळशीला पाणी घाला, एका पसरट ताटलीत माती भिजवून ठेवा. नर फुलपाखरं क्षारांसाठी ओल्या मातीवर बसतात, त्याला चिखलपान म्हणतात.

मसाई पठारावर किंवा दाजीपूरला गेलात तर तिथली फुलं उपटून घरी आणून लावायचा मोह टाळा. जांभ्या दगडावरच्या पातळ मातीत वाढणारी ती रोपं आपल्या वाफ्यात जगत नाहीत, आणि तिथून कमी होतात ते वेगळंच.

कॅमेरा: पहिलं वर्ष मोबाइलच पुरेसा. बऱ्याच मोबाइलमध्ये 'मॅक्रो' चालू केलं की रुंद कोनाची लेन्स लागते आणि फुलाला अगदी चिकटून जावं लागतं. सावली पडते, किडा उडतो. त्यापेक्षा थोडं मागं राहून दुप्पट झूम वापरा. स्क्रीनवर किड्याच्या डोळ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होतो. मग उजेड किंचित कमी करा, पांढरी फुलं नाहीतर पार धुऊन जातात. पंख मिटलेलं फुलपाखरू असेल तर मोबाइल पंखाला समांतर धरा, तरच पूर्ण पंख स्पष्ट येतो. एकामागून एक भराभर फोटो घ्या, वाऱ्याच्या झुळकीत त्यातला एखादाच नीट येतो. झुळकीसाठी सोपा उपाय आहे: फुलाच्या देठाशेजारी एक काडी रोवून कपड्यांच्या चिमट्यानं देठ हलकेच काडीला धरा, आणि वाऱ्याच्या बाजूला छत्री उघडून ठेवा. श्रावणातला ढगाळ उजेड या कामाला सर्वांत चांगला, सगळीकडून सारखा येतो. भर दुपारी काढू नका.

पुढं हौस टिकली तर ९० किंवा १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घ्या, कॅमेऱ्याची बॉडी जुनी असली तरी चालेल. अशा लेन्सनं किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा येतो, पण तेव्हा लेन्सचं छिद्र एफ ८ इतकं लहान केलं तरी जेमतेम १ मिलिमीटर भागच स्पष्ट असतो. म्हणून डोळा साधायचा, बाकीचं धूसर झालं तरी चालतं. शटर १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवा, उजेड कमी पडला तर फ्लॅशपुढं पांढरं पातळ कापड किंवा बटर पेपर लावून तो मऊ करा. फ्लॅश लावल्यावर बहुतेक कॅमेऱ्यांत शटर १/२०० च्या वर जात नाही, पण फ्लॅशची चमक स्वतःच इतकी क्षणिक असते की हालचाल गोठते. एक गोष्ट मात्र करू नका: हलू नये म्हणून किड्याला फ्रिजमध्ये ठेवून मग फुलावर आणून बसवणारे लोक आहेत. तो फोटो किड्याबद्दल काहीच सांगत नाही, आणि जीव अर्धमेला होतो.

आता आई. त्यांचं म्हणणं सगळं चुकीचं नाही. गुडघाभर गवतात साप येऊ शकतो, आणि आपल्याकडं घोणसही आहे. म्हणून सगळी जागा सोडू नका. घरालगतची आणि वाटेची पट्टी कापून स्वच्छ ठेवा, मागच्या कोपऱ्यात रान राहू द्या, कडेनं विटांची एक ओळ लावा. कड आखलेली असली की 'माजलेलं' दिसत नाही, राखलेलं दिसतं. कुठं पाणी साचू देऊ नका, डासांवरून घरी वाद होणार नाही. गाजरगवत मात्र फुलायच्या आधी, हातमोजे घालून उपटा. त्यानं अंगाला खाज सुटते, काहींना दम लागतो. उपटण्याआधी त्यावर फिकट अंगाचे, काळ्या नागमोडी रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर फोटो घ्या. ते मेक्सिकोतून आणून १९८४ मध्ये भारतात याच गवताच्या बंदोबस्तासाठी सोडले होते. आणि औषध फवारणी नको, कुठल्याही झाडावर नको. माव्यासाठी मारलेलं औषध मावा खाणाऱ्यालाही मारतं, आणि मग मावा आधी परत येतो.

नोंदीचं सांगून थांबते. प्रत्येक किड्याचे तीन फोटो ठेवा: बाजूनं, वरून, आणि ज्या फुलावर होता त्या फुलाचा. चौथा चेहऱ्याचा मिळाला तर उत्तम. तारीख आणि वेळ मोबाइलमध्ये आपोआप राहते, फुलाचं नाव तेवढं लिहून ठेवा. आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर फोटो टाकलात तर जाणकार लोक नाव सुचवतात, आणि तुमची नोंद अभ्यासकांनाही वापरता येते. मात्र घराच्या अंगणातले फोटो असल्यानं टाकताना ठिकाणाचा पर्याय 'अस्पष्ट' वर ठेवा, म्हणजे नकाशावर घर नेमकं दिसत नाही.